हिरवा मणी

या, असे जवळ बसा. भिंतीला टेकलेत ते पुढे सरका, दारात उभे आहात ते आत या. चपलांची काळजी सोडा, इथून कुणी नेत नाही. आज रामाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती अजून घडायची आहे. हसू नका. युगांपूर्वीचा रथ आपण "हा बघा, आत्ता निघाला" असं म्हणून डोळ्यांपुढे उभा करतोच ना? मग पुढे घडायची गोष्ट घडून गेल्यासारखी सांगितली तर काय बिघडलं? आणखी पंधरा-वीस चैत्र जाऊ देत, तेव्हाची ही हकिगत. एका लेकीची, तिच्या गळ्याशी बसलेल्या एका मण्याची, आणि एका दुपारी प्रत्यक्ष रामाला थोडं थांबावं लागलं, त्याची.

कृष्णेच्या काठावर सोनघाट नावाचं गाव होतं. घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की राममंदिर, आणि मंदिराला लागून थंडगार फरशीचा सभामंडप. संध्याकाळी तिथे कीर्तन व्हायचं आणि सकाळी गर्भवतींचा योगवर्ग भरायचा. दोन्ही एकाच घरातून चालायचं. कीर्तनाला उभ्या राहायच्या ह.भ.प. मंदाकिनीताई गुरव, आणि योगवर्ग घ्यायची त्यांची एकुलती एक लेक शर्वरी. गाव कौतुकानं म्हणायचं, आई आपल्याला गायला लावते आणि लेक श्वास घ्यायला.

शर्वरीला तेव्हा स्वतःलाच सातवा लागला होता. तिचं सासर इचलकरंजीचं. नवरा निनाद तिथल्या कारखान्यात मागांची देखभाल करायचा. ती मात्र सकाळच्या एसटीनं रोज सोनघाटला यायची. पोट सांभाळत सतरंजीवर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "चार मात्रा श्वास आत, आठ मात्रा बाहेर. घाई नाही. झांजेवर झांज आपटल्यावर नाद कसा विरत विरत जातो? तसा श्वास विरू द्या."

"ताई, माझा मधेच संपतोय," रूपाली चौगुले म्हणाली. ती शर्वरीच्याच एसटीवर कंडक्टर होती, आणि तिलाही सातवाच चालू होता.

"संपला तर परत घे. इथे कोण तिकीट मागतंय?"

"तिकीट तर मीच मागते की सगळ्यांस्नी!" रूपालीनं पोटावर हात ठेवला. "ह्या आतल्या पाशिंजरला तेवढं समजावा. मी बेल दिल्याशिवाय उतरायचं न्हाई म्हणावं."

सगळा मंडप हसला. गाभाऱ्यात फुलं बदलणाऱ्या मंदाकिनीताईही हसल्या.

त्या मंडपात बसलेल्या प्रत्येकीच्या गळ्याच्या खळग्यात एक पातळ चकती चिकटवलेली असायची, आणि चकतीच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी. त्याचं नाव सखी. ही सखी तयार झाली डॉक्टर अस्मा मुजावर यांच्या धडपडीतून. तालुक्याच्या माता-चिकित्सालयात त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं. बाळ गुटगुटीत होऊन घरी गेलेलं, घरात पेढे वाटलेले, आणि त्याच घरात आई कुणाच्या ध्यानीमनी नसताना आतून विझत चाललेली, असं त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. गरोदरपणी अंगात चढलेली संप्रेरकं बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत भर्रकन खाली येतात. त्यात झोप तुटते, अंग दुखतं. काहींचं मन चार दिवस भरून येतं आणि सावरतं. काहींचं सावरत नाही. ते दुखणंच असतं, ताप-खोकल्यासारखं खरं दुखणं, आणि औषधानं, आधारानं बरं होणारं. पण ते ओळखायचं कसं? विचारलं तर बाई म्हणते, बरी आहे.

म्हणून डॉक्टरांनी ठरवलं, बाईला नको, तिच्या श्वासाला विचारू. आपण श्वास आत घेतो तेव्हा काळीज जरा पळतं, आणि सोडतो तेव्हा जरा मंदावतं. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा एक लांब मज्जातंतू हा लगाम धरून असतो. माणूस निवांत असलं की पळण्या-मंदावण्यातलं अंतर मोठं, आणि जीव धास्तावला की ते आखडतं. सखी हे अंतर मोजायची. सोबत आवाजाचा चढउतार आणि कातडीचा ओलावा. हिशेब जमला की मणी हिरवा, बिघडायला लागला की पिवळा, फारच बिघडला की तांबडा. घरच्या कुणालाही लांबून दिसावा असा.

आता यंत्राला शिकवावं लागतं, लहान पोराला शिकवतो तसंच. शांत आई म्हणजे काय, हे त्याला दाखवायला नमुना हवा. डॉक्टरांनी पुष्कळ बायकांचे श्वास टिपले. त्यात सगळ्यांत स्वच्छ, सगळ्यांत स्थिर निघाला शर्वरीचा. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून, आईच्या मागे तंबोरा धरून बसता बसता घडलेला श्वास तो. डॉक्टर तिला म्हणाल्या होत्या, "तुझाच श्वास मधे ठेवलाय, शर्वरी. बाकीच्यांना त्याच्याशी ताडून बघायचं."

सखी सोनघाटातून तालुक्यात गेली, तालुक्यातून जिल्ह्यात. कितीतरी लेकीसुना तिच्यामुळे वेळेत दवाखान्यात पोचल्या, ही गोष्ट खरी आहे आणि ती विसरायची नाही. पण पुढची गोष्टही खरी आहे.

फाल्गुनात शर्वरी माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडली, सटवाईनं येऊन लेकीचं नशीब लिहावं म्हणून. बाराव्या दिवशी बारसं झालं, नाव ठेवलं मुक्ता. आल्यागेल्या बायका पाळण्यात डोकावायच्या, मग बाळंतिणीच्या गळ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "मणी कसा तुळशीगत हिरवा! हिला काय होणार? हिनंच तर सगळ्यांना शिकवलंय."

आणि शर्वरी? मुक्ता रडली की तिला ते रडणं शेजारच्या घरातून आल्यासारखं वाटायचं. ती उठायची, बाळाला घ्यायची, पाजायची, पाठीवर थोपटायची. हात सगळं बिनचूक करायचे, पण मन खोलीच्या एका कोपऱ्यात बसून बघत राहायचं. मुक्ता असं नाव तिच्या तोंडी येतच नव्हतं. ती म्हणायची, "बाळ उठलं" किंवा "तिला भूक लागली." बाळ झोपलं तरी तिला झोप नव्हती. आणि एक विचार सारखा यायचा, हिला माझ्यापेक्षा कुणीही बरी आई मिळेल. परसाचं दार घाटाकडे उघडायचं. ते उघडं दिसलं की ती म्हणायची, "आई, दार लाव गं." वारा येतो म्हणून, असं सांगायची. वारा हे कारण नव्हतं. त्या दाराची तिला भीती वाटायला लागली होती.

असा विचार आला की तिचं अंग काय करायचं? जे वर्षानुवर्षं करत आलं होतं तेच. चार मात्रा आत, आठ मात्रा बाहेर. ती ठरवून करत नव्हती, आपोआप व्हायचं. भीती जितकी मोठी तितका श्वास लांब, आणि श्वास जितका लांब तितका मणी हिरवा.

तिनं सांगायचं ठरवलं. आधी आईला. मंदाकिनीताई चुलीपुढे अळिवाची खीर ढवळत होत्या.

"आई, मला बरं वाटत नाहीये."

"अंग दुखतंय? शेक देऊ?"

"अंग नाही. मला तिच्याबद्दल काही वाटतच नाही गं. बाळाबद्दल."

मंदाकिनीताईंचा हात थांबला. त्यांनी लेकीकडे बघितलं, म्हणजे लेकीच्या गळ्याकडे बघितलं. "थकलीस तू. पहिलटकरणीला होतंच असं. मलाही झालं होतं."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? उभी राहिले कीर्तनाला." त्यांनी खीर वाटीत ओतली. "घे, गरम आहे तोवर खा. मणी तर हिरवागार आहे बघ. देवाची कृपा."

रविवारी निनाद आला, कवठाची बर्फी घेऊन. बाळाचा पापा घेतला, बायकोशेजारी टेकला. शर्वरीनं त्याला तेच सांगितलं, थोडं जास्त स्पष्ट सांगितलं. तो घाबरला. भला मुलगा होता तो. पण ज्याच्यावर त्याचा विश्वास होता त्याचाच आधार त्यानं घेतला.

"पण शरू, सखी तर ठीक दाखवतेय. यंत्र खोटं कशाला बोलेल?"

"मग मी कशाला बोलेन, निनाद?"

त्यानं हलकेच मणी दाबून बघितला, नीट बसलाय ना म्हणून. नीट बसला होता.

मग ती डॉक्टरांकडे गेली. तपासणीच्या खोलीत पडद्यावर तिच्या श्वासाची रेघ डोलत होती, नदीवर मंद वारा असावा तशी. डॉक्टर अस्मांनी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप? लागत नाही. भूक? नाही. निराश वाटतं? हो. पण ही तिन्ही उत्तरं शर्वरीच्या तोंडून आली ती योगवर्गातल्या आवाजात, सावकाश, स्वच्छ, शेवटपर्यंत तोललेली. तिला दुसरा आवाजच राहिला नव्हता. डॉक्टरांचं अर्धं लक्ष पडद्यावर होतं.

"बाळंतिणीला झोप कुठली, बेटा?" त्या प्रेमानं म्हणाल्या. "लोह लिहून देते. तुझी रेघ बघितली की मला धीर येतो, खरं सांगते. सगळ्या तुझ्यासारख्या असत्या तर मला कामच उरलं नसतं. रामनवमीला येणार आहे मी, तुझ्या आईनं बोलावलंय."

शर्वरी बाहेर आली. बाकावर एक बाई बाळ मांडीवर घेऊन बसली होती. ओळखायला क्षणभर लागला. रूपाली चौगुले होती ती. केस न विंचरलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

"रूपाली! मुलगा ना? कसा आहे पाशिंजर?"

रूपाली हसली नाही. "बरा हाय."

"आणि तू?"

"बरी हाय." तिच्या गळ्याशी मणी हिरवा होता. थोड्या वेळानं ती आपणहून बोलली, बसचे थांबे सांगावेत तशा सपाट आवाजात. "ताई, तुम्ही शिकवलाय तो श्वास करते मी. हे रडाय लागलं की करते. डोस्क्यात नको नको ते आलं की करते. मग मणी हिरवा हुतो. सासू बघती, नवरा बघतो, मग कोण काय इचारत न्हाई. बरं पडतं."

शर्वरी तिच्याजवळ बसली. तिनं रूपालीचा हात हातात घेतला. तो गार होता.

आजवर शर्वरीला वाटत होतं, चूक आपल्यात आहे. इतका चांगला श्वास, इतकं चांगलं घर, आणि तरी मन असं, म्हणजे आपणच नालायक. त्या बाकावर तिला पहिल्यांदा सगळं लख्ख दिसलं. मणी हिरवा होतो तो बाई बरी आहे म्हणून होत नाही. तो एकच गोष्ट ताडून बघतो, हिचा श्वास शर्वरीसारखा आहे का? आणि शर्वरीसारखा श्वास घ्यायला गावोगावच्या बायकांना शर्वरीनंच शिकवलं होतं. जी सगळ्यांत मन लावून शिकली, तीच सगळ्यांत आधी नजरेआड गेली.

"रूपाली," ती म्हणाली, "रामनवमीला मंडपात ये. बाळाला घेऊन ये, आणि नवऱ्यालाही. मी बोलणार आहे. तोवर एकटी राहू नकोस. एकटीला ठेवू नका, असं तुझ्या सासूला मी आत्ता फोन करून सांगते."

तिनं तिथेच फोन केला. मग परत आत जाऊन डॉक्टरांना सांगावं म्हणून उठलीही. पण आत गेलं की पुन्हा ती रेघ डोलणार आणि पुन्हा आपला आवाज तोलला जाणार, हे तिला कळून चुकलं होतं. बंद खोलीत पडद्यापुढे ती हरणार होती. आता उघड्यावर बोलायचं. त्याच दिवशी निनादला बोलावून तिनं परसाच्या दाराला त्याच्याकडून कुलूप लावून घेतलं आणि किल्ली त्याच्याच खिशात ठेवायला सांगितली. "कारण रामनवमीला कळेल," म्हणाली. "त्या दिवशी तू माझ्याशेजारी हवास." तो परत कामावर गेलाच नाही, सोनघाटातच राहिला. यंत्र काय म्हणतंय ते त्यानं पुन्हा विचारलं नाही.

सोनघाटची एक रीत होती. रामजन्माच्या वेळी पाळण्याची दोरी पहिल्यांदा ओढायची ती गुरवांच्या घरातल्या नुकत्याच बाळंत झालेल्या बाईनं. ती नसली तर गावातल्या दुसऱ्या बाळंतिणीनं. त्या वर्षी सव्वा महिना उलटला आणि रामनवमी आली. मान शर्वरीचा.

दुपार व्हायच्या आतच मंडप भरला. आंब्याच्या डहाळ्या, झेंडूची तोरणं, सुंठवड्याचा घमघमाट. मधोमध फुलांनी मढवलेला पाळणा आणि त्यात अंगठ्याएवढा पितळी राम. मंदाकिनीताईंचा पूर्वरंग झाला, बुक्का लागला, हार पडला. उत्तररंगात त्या अयोध्येत शिरल्या आणि सगळा मंडप आपल्याबरोबर घेऊन गेल्या. राजाची तगमग सांगितली, यज्ञातला पायस सांगितला. सूर्य डोक्यावर येत चालला तशी त्यांची वाणी चढत गेली. "आणि मंडळी, अयोध्येत घरोघरी गुढ्या! हत्तींवरून साखर वाटतायत! आणि कौसल्यामाईच्या मुखावर काय तेज! जणू पौर्णिमा उतरली! चला, घ्या फुलं हातात. शर्वरी, ये बाळा, धर दोरी."

लोकांच्या मुठीत फुलं आणि गुलाल. पेटीवाल्यानं पाळण्याचा सूर धरला. शर्वरी पुढे आली. मुक्ता निनादच्या कडेवर होती. शर्वरीनं दोरी हातात घेतली, आणि ओढली नाही.

"आई," ती म्हणाली, "कौसल्येला कुणी विचारलं का गं?"

"काय?"

"कशी आहेस म्हणून."

मंडपात कुणीतरी हसलं. हसणाऱ्याला वाटलं, मायलेकींनी आधीच बसवलेला संवाद आहे. मग पेटी थांबली.

"डॉक्टर अस्मा, जरा पुढे याल?" शर्वरीचा आवाज तोच होता, वर्गातला, गाढ शांत. "माझ्यासमोर उभ्या राहा. माझ्या मण्यावरून नजर हलवू नका. मी काय बोलते ते ऐका आणि मला फक्त रंग सांगत राहा."

डॉक्टर गोंधळून पुढे आल्या. "हिरवा आहे."

"मी बाळंत झाल्यापासून धड झोपलेली नाही. रंग?"

"हिरवा."

"माझ्या लेकीला घेताना मला दगड उचलल्यासारखं वाटतं. रंग?"

"हिरवाच आहे, शर्वरी, पण तू—"

"मागच्या आठवड्यात दुपारी सगळे निजले असताना मी परसाच्या दारानं घाट उतरले. पाण्याजवळच्या पायरीपर्यंत गेले. मग बाळ रडलं म्हणून की काय, देव जाणे, परत फिरले. मी पुन्हा जाईन अशी मला भीती वाटते. म्हणून कुलूप आहे, निनाद. डॉक्टर, रंग सांगा."

मणी इतका तेजस्वी हिरवा कधी दिसला नव्हता. गळ्याची खळगी उजळून निघाली होती.

"हिरवा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"माझाच श्वास नमुना म्हणून ठेवलात ना? मग हा मणी मी बरी आहे का ते विचारत नाही. मी शर्वरी आहे का, एवढंच विचारतो. मी आहेच शर्वरी. बुडतानाही शर्वरीच असणार. आणि मी इथल्या सगळ्यांना माझ्यासारखंच श्वास घ्यायला शिकवलंय."

लोकांच्या मुठीतला गुलाल घामानं ओला होत होता. देवस्थानचे अण्णा पाटील घड्याळाकडे बघत पुढे झाले आणि मंदाकिनीताईंच्या कानाशी कुजबुजले, "ताई, बारा झाले. मुहूर्त टळतोय. आधी जन्म होऊ दे, मग हिचं बघू."

मंदाकिनीताई आयुष्यभर कीर्तनाला उभ्या राहिलेल्या. ताप असताना, नवरा गेल्याच्या वर्षी, स्वतः ओली बाळंतीण असताना. जन्माची वेळ त्यांनी कधी चुकवली नव्हती. त्यांनी गळ्यातला हार काढला आणि पाळण्याच्या कडेला ठेवला.

"टळू दे," त्या म्हणाल्या.

"अहो, पण राम..."

"राम थांबेल, अण्णा. आई बरी नसताना जन्माला यायची घाई करणारा देव नाही तो. आज उशिरा जन्मेल." आणि त्या खाली, फरशीवर बसल्या. लेकीला ओढून त्यांनी मांडीवर घेतलं, जसं लहानपणी घ्यायच्या. "मी मण्याकडे बघत राहिले गं. तुझ्याकडे बघितलंच नाही. आता बघते. बोल."

मागच्या खांबापाशी एक बाई उठून उभी राहिली. "ताई, माझा बी," रूपाली म्हणाली. "माझा बी मणी असाच हाय." तिचा नवरा शेजारीच होता. त्यानं आधी तिच्या गळ्याकडे बघितलं, मग मान वर करून तिच्या तोंडाकडे, आणि बाळ आपल्या हातात घेतलं. डाव्या बाजूनं आणखी एकीचा हुंदका आला. ती कोण, ते इथे सांगत नाही.

डॉक्टर अस्मा शर्वरीसमोर मांडी घालून बसल्या. त्यांनी हलक्या हातानं तिच्या गळ्यावरची चकती सोलून काढली आणि पर्समध्ये टाकली. "माझंही चुकलं, बेटा. उत्तर दिसत होतं म्हणून मी प्रश्न विचारायचे सोडले. आज पहिल्यापासून विचारते. माझ्याकडे काही नाही, कागद नाही, पडदा नाही. झोप?"

"नाही," शर्वरी म्हणाली, आणि त्या एका शब्दावर तिचा श्वास अडकला. तुटला. तोललेला आवाज फाटून आत जे होतं ते बाहेर आलं. आईच्या नऊवारीत तोंड खुपसून ती रडली. तिला कुणी श्वास लांब कर म्हणून सांगितलं नाही.

मग डॉक्टर म्हणाल्या, "ऐक. हे दुखणं आहे आणि ते बरं होतं. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत. तुला आणि रूपालीला मी आज माझ्याबरोबर नेते आहे. बाळं बरोबर, घरची माणसं बरोबर. एकटं कुणी राहायचं नाही. पण तासभर आधी नीज."

"पाळणा राहिलाय," शर्वरी म्हणाली.

"तू नाही ओढायचीस," मंदाकिनीताई म्हणाल्या. "तू नीज."

त्यांनी लेकीला गाभाऱ्याशेजारच्या खोलीत सतरंजीवर निजवलं. रूपालीला तिच्या शेजारी. दोघींच्या उशाशी दोन बायका बसल्या. बाळं निनादकडे आणि चौगुल्यांकडे. मग मंदाकिनीताई परत आल्या, पाळण्याची दोरी त्यांनी स्वतः धरली आणि ओढली. त्या वर्षीचा पाळणा त्यांनी अगदी हलक्या आवाजात म्हटला. लोकांनी फुलं उधळली नाहीत, वाकून हळूच पाळण्यात ठेवली. टाळ कुणी वाजवला नाही. सगळा गाव ओठांतल्या ओठांत म्हणत होता, आणि खोलीत दोन आया झोपी गेल्या होत्या.

त्या वर्षी सोनघाटात राम असा जन्मला.

पुढचं सोपं नव्हतं. शर्वरी काही आठवडे दवाखान्यात राहिली, औषधं घेतली, बोलायला शिकली, न तोलता बोलायला. एक दिवस बरा गेला की दोन वाईट जायचे. आईनं कीर्तनं कमी केली. निनादनं पाळ्या बदलून घेतल्या आणि पोरीला आंघोळ घालायला शिकला. पाणी डोळ्यांत गेलं की मुक्तापेक्षा तोच जास्त ओरडायचा. आषाढात कधीतरी पोरगी पालथी पडली आणि कुंचीची नाडी तोंडात घालून हसली. शर्वरी नकळत म्हणाली, "मुक्ते, अगं सोड ते!" मग तीच थबकली. नाव तोंडात आलं होतं.

सखीचं काय झालं? ती बंद करा, असं पुष्कळांनी म्हटलं. शर्वरीनंच ते होऊ दिलं नाही. सखीमुळे वाचलेल्या बायका तिनं पाहिल्या होत्या. ती डॉक्टरांच्या समोर जाऊन बसली. "माझा नमुना मधून काढा. शांत दिसून बुडणाऱ्या बायकांचे श्वासही तिला शिकवा. माझेच घ्या, त्या दिवसांतले सगळे. आणि रंग काढून टाका."

"रंग काढला तर घरचे लोक बघणार काय?"

"तिचं तोंड."

डॉक्टरांनी तसंच केलं. आता मण्याला रंग नाही. सखी काय टिपते ते फक्त दवाखान्यात कळतं. घरच्यांच्या मनगटावरच्या पट्टीत अधूनमधून एक हलकी थरथर उमटते, इतकंच. तिचा अर्थ एवढाच, की जा, तिच्यापाशी बस आणि विचार. बाई बरी दिसत असली तरी विचार.

योगवर्ग पुन्हा सुरू झाला. चार मात्रा आत, आठ मात्रा बाहेर, ते सगळं तसंच, कारण श्वास वाईट नव्हता, त्याच्याआड लपणं वाईट होतं. फक्त शेवटी शर्वरी म्हणते, "आता श्वास सोडून द्या, हवा तसा वेडावाकडा येऊ दे. आणि शेजारणीला एक खरं वाक्य सांगा." रूपाली ड्यूटीवरून येते, गणवेशातच येते, आणि नव्या बायकांना दम देते, "खरं बोला हां. इथं फुकट प्रवास न्हाई!"

झाली माझी गोष्ट. सुंठवडा घेतल्याशिवाय कुणी उठू नका. आणि घरी जाताना एवढं माझ्यासाठी करा. तुमचाही पाळणा कधीतरी हलला असेल, घरात पेढे वाटले असतील, सगळे तुमच्याकडे बघत असतील. त्या गर्दीमागे, अंधाऱ्या खोलीत, खाटेवर एक बाई पडली होती. तिला कशी आहेस म्हणून कुणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे. ती असेल तर आज तिच्यापाशी बसा आणि विचारा. आता उशीर झाला असं म्हणू नका, रामसुद्धा थांबला होता. आणि ती नसेल, तर आज दिवा लावताना डोळे मिटा आणि घडीभर तिची आठवण काढा.